दहावीच्या वर्गाला गेले आणि बँकेचं खातं चोरांच्या हाती दिलं

गेल्या वर्षभरात माझ्या बाबतीत जे घडलं ते घरचे, पोलीस आणि वर्गातल्या काही बायका सोडून मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात नणंदेचा कराडहून फोन आला. तिच्या भागातल्या चौकात बॅनर लागलाय, ‘वय कितीही असो, सहा महिन्यांत दहावी पास’. बॅनरवरचं नाव वेगळं आहे, पण मजकूर जवळजवळ तोच. म्हणून आता सगळं लिहून टाकते.

साताऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. वय ४३. मी नववी पास. १९९६ साली दहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत वडील आजारी पडले, त्यानंतर शाळेत गेलेच नाही. वाचनाची आवड राहिली. नगर वाचनालयातून पुस्तकं आणते, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. पण कुठलाही फॉर्म आला आणि ‘शिक्षण’ हा रकाना आला की हात थांबायचा. मुलगी कॉलेजला गेल्यावर तर जास्तच. मध्ये एका पतसंस्थेत पिग्मी एजंटची जागा निघाली. सगळी बाजारपेठ माझ्या ओळखीची, काम सहज जमलं असतं. त्यांना दहावी पास हवी होती.

आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत, साठी उलटलेल्या. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात त्या लिहायला शिकल्या. हा सरकारी कार्यक्रम आहे, १५ वर्षांवरच्या कुणालाही, अगदी फुकट. शिकवणारे स्वयंसेवक असतात. १७ मार्च २०२४ला, रविवारी, शाळेत त्यांची १५० गुणांची परीक्षा झाली. त्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या होत्या. नंतर बँकेत अंगठ्याऐवजी सही करून आल्या तेव्हा माझ्या दुकानात पेढा ठेवून गेल्या. तेव्हाच मनाशी म्हटलं, मावशींना जमलं तर मला का जमू नये?

जूनमध्ये मोबाइलवर बातमी आली. गावातल्या घडामोडी देणारा एक ग्रुप आहे, पाणी कधी येणार, कुठला रस्ता बंद, कुणाचं निधन, सगळं त्यावर कळतं. त्यात आलं, ‘शहरात प्रौढ शिक्षण अभियानाचा शुभारंभ’. फोटोत समई, हार, फेटे बांधलेले पाहुणे. उल्लासचं नाव आणि चिन्हही होतं. मी ती जाहिरात म्हणून वाचलीच नाही, बातमी म्हणून वाचली. पुढे कळलं की ग्रुप चालवणाऱ्याला पैसे देऊन तो मजकूर लावला होता आणि पाहुण्यांना कार्यक्रम कसला हे नीट माहीतही नव्हतं. मी मात्र ती बातमी लगेच बचत गटातल्या अकरा जणींना पाठवली. त्यातल्या चौघी माझ्या शब्दावर वर्गात आल्या. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागतं ते हे.

वर्ग एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. आम्ही ३१ जण, त्यात सहा पुरुष. पहिले तीन आठवडे खरंच शिकवलं. एक तरुण मुलगा गणित घ्यायचा, अपूर्णांकांची बेरीज त्यानं भाकरीचे चतकोर करून इतकी छान समजावली की मी घरी जाऊन मुलीला दाखवली. तीन आठवडे शिकवलं म्हणूनच आमचा विश्वास बसला. फी एकदम मागितली नाही. आधी ५०० रुपये नोंदणी, मग ३००० ‘पुस्तकं आणि बोर्ड फी’, मग ६००० ‘परीक्षा केंद्राचे’. एकूण ९५०० झाले. पावती साध्या पॅडवर, तिच्यावर नोंदणी क्रमांक नाही की पत्ता नाही. आमचे शाळा सोडल्याचे मूळ दाखलेही ‘बोर्डाला दाखवायचेत’ म्हणून ठेवून घेतले.

ऑगस्टमध्ये संचालक म्हणवणारे सर म्हणाले, शिकणाऱ्या महिलांना ६००० रुपये शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, म्हणजे परीक्षा केंद्रासाठी भरलेले पैसे तुम्हाला परतच मिळतील. फक्त नवीन झिरो बॅलन्स खातं आणि नवीन सिमकार्ड हवं. दोन मुलं टॅब घेऊन वर्गातच आली. आधार, पॅन, फोटो, बोटांचे ठसे. माझा अंगठा मशीनवर उमटेना, सुया टोचून टोचून बोटं खरखरीत झालीत. त्या मुलानं खिशातला रुमाल काढून माझं बोट पुसलं, म्हणाला, “ताई, जरा दाबून ठेवा.” तीनदा ठेवलं. आता कळतं की त्यातच एखादं जास्तीचं सिम निघालं असणार.

सिम, पासबुक आणि एटीएम कार्ड त्यांनी आमच्या हातात दिलंच नाही. “ओटीपी इथं येतात, तुम्ही कामाच्या बायका, धावपळ कशाला? परीक्षा झाली की सगळं परत.” मी मान डोलावली. एवढी रोज पेपर वाचणारी बाई, तरी एकदाही विचारलं नाही की शिष्यवृत्ती माझ्या जुन्या खात्यात का येऊ शकत नाही. विचारलं तर बाकीच्यांना वाटेल हिला काही कळत नाही, ही भीती होती. वर्गातल्या प्रत्येकाला तीच भीती होती आणि त्या माणसाला ते पुरतं माहीत होतं.

८ सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन. त्या दिवशी ऋषिपंचमी, आदल्या दिवशीच घरोघरी गणपती बसलेले, तरी त्यांनी कार्यक्रम ठेवला आणि आम्ही गेलो. सरांनी भाषण केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम आपल्याच सातारा जिल्ह्यातून सुरू झाली, अंगठेबहाद्दर गावं साक्षर झाली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. ज्या जिल्ह्यात शिक्षणासाठी माणसांनी घरची भाकरी बांधून चळवळ केली, तिथं त्याच पुण्याईवर हा माणूस गल्ला भरत होता. ते आठवलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ‘परीक्षा’ झाली. पाच पेपर एकाच दिवशी, उत्तरं फळ्यावर. डिसेंबरमध्ये मार्कशीट आली. जाड कागद, जांभळा शिक्का, मला ६८ टक्के. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे गुण होते, मी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. परीक्षेचा महिना होता मार्च २०२१. मी विचारलं तर सर म्हणाले, “मागची तारीख असली की नोकरीला बरं पडतं.” तेव्हा मला उमगलं होतं की हे सरळ नाही. तरी मी ती घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांखाली ठेवली. हे लिहिताना संकोच वाटतो, पण माझ्यासारख्याच कुणी वाचत असेल तर तिला हे कळायला हवं.

जानेवारीत पतसंस्थेत गेले. व्यवस्थापकांनी मार्कशीट हातात घेतली, चष्मा वर केला आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, २०२१ला दहावीची परीक्षा झालीच नव्हती. कोरोनामुळं रद्द झाली. माझा मुलगा त्याच बॅचचा.” त्यांनी आजूबाजूला कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही, कागद घडी करून परत दिला. “हा कुठं दाखवू नका, तुम्हीच अडकाल.” मी पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही.

त्याच दिवशी पोलिसांत गेले असते तर पुढचं टळलं असतं. मी गेले नाही. वर्गाला कुलूप लागलं होतं, फोन बंद. नवऱ्याला सांगितलं नाही, ९५०० रुपये गेले समजून गप्प बसले. पाच-सहा आठवडे तसेच गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस घरी आली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)खाली चौकशीला हजर राहण्याची. आधी वाटलं हीपण फसवणूकच. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणाऱ्यांच्या बातम्या वाचलेल्या होत्या, तसली अटक कायद्यात नाही हे माहीत होतं. म्हणून नोटिशीवरच्या नंबरला फोन न करता कागद घेऊन इथल्याच सायबर पोलीस ठाण्यात गेले. नोटीस खरी निघाली.

बँकेतून उतारा काढला. ३ फेब्रुवारीला माझ्या त्या नव्या खात्यात ४,८०,००० रुपये आले आणि तासाभरात सात वेगवेगळ्या खात्यांत गेले. खाली शिल्लक ११२ रुपये. पैसे गेले होते एका निवृत्त माणसाचे, गुंतवणुकीच्या आमिषानं. त्या उताऱ्यावर वर माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझा पत्ता. ठाण्यातल्या बाई हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, खातं भाड्यानं दिलं होतं का?” चोरीचे पैसे फिरवायला वापरलेल्या दुसऱ्याच्या खात्याला ते म्यूल अकाउंट म्हणतात. कुणी दोन-पाच हजार घेऊन जाणूनबुजून खातं देतं, कुणाचं माझ्यासारखं काढून घेतात. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. फरक मलाच सिद्ध करायचा होता. मुलीच्या फीचे पैसे ज्या जुन्या खात्यात होते तेही त्याच बँकेत होतं, तेही गोठवलं गेलं. फी भरायला मंगळसूत्राची वाटी गहाण टाकली.

बाई हवालदारांनी दुकानात बोलतो तशा साध्या भाषेत मला काही गोष्टी समजावल्या, त्या इथं देते. कुणाच्याही खात्यातून पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरवर फोन करायचा, जितक्या लवकर तक्रार तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा नंबर टाकून दिसतं. मी पाहिलं तर तीन निघाली, एक माझं, एक वर्गातलं, तिसऱ्याचा मला पत्ताच नव्हता. ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथंच कळवता येतं. आधारचे बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात, लागतील तेव्हाच उघडायचे. आणि झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली, कुणाला, तारीख आणि सही. पावती, ग्रुपवरची ती बातमी, वर्गातले फोटो, सगळं मी मोबाइलमध्ये ठेवलं होतं. मी शिकायला गेले होते हे त्यावरूनच दिसलं.

आता जे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते. दहावी बाहेरून करायची असेल तर कुठल्याही क्लासवाल्याची गरज नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि नेमून दिलेल्या शाळेत कागद द्यायचे. नोंदणीचं शुल्क हजार-बाराशेच्या घरात, परीक्षेचं शुल्क नंतर वेगळं. परीक्षा शाळेतल्या मुलांबरोबर, तोच पेपर. एका वर्षात सगळे विषय झेपत नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, एनआयओएस. तिथं वयाची वरची मर्यादा नाही, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. यापैकी कुठंही तुमचं एटीएम कार्ड मागत नाहीत. कुठंही मागच्या तारखेची मार्कशीट मिळत नाही.

मी या वर्षी १७ नंबर भरला. मूळ दाखला त्या लोकांकडेच गेला, म्हणून प्रतिज्ञापत्र करून गावच्या शाळेत दुय्यम प्रत मागायला गेले. लिपिकभाऊंनी जुनं रजिस्टर काढलं. पानाच्या कडा उंदरानं खाल्लेल्या, पण माझी ओळ शाबूत होती. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं होतं, पालकांचा अर्ज. वडिलांनी अर्ज दिला होता हे मला २९ वर्षांनी कळलं. लिपिकभाऊ माझ्याकडे बघत होते, म्हणाले, “ताई, पाणी आणू का?”

माझी चौकशी अजून संपलेली नाही. जबाब झालाय, खाती अजून गोठलेलीच आहेत. तक्रार आतापर्यंत आम्ही नऊ जणांनी दिली, त्यात मी नेलेल्या चौघी आहेत. एक जण महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती, ती तक्रारीच्या दिवशी सर्वांत आधी येऊन बसली होती. वर्गात ३१ होतो, म्हणजे अजून बावीस जणांच्या नावावर कुठं काय चाललंय ते त्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसेल. बहुतेकांचे पत्ते मला माहीत आहेत. रात्री आठला दुकानाचं शटर ओढलं की त्यातल्या एकीच्या घरी जाते. काल जिच्याकडे गेले तिनं दार उघडलं आणि सासूला ऐकू जाऊ नये म्हणून मला जिन्यात नेलं. तिच्या घरीही नोटीस आली आहे, पिठाच्या डब्यात ठेवलीय, अजून कुणाला दाखवलेली नाही. उद्या सकाळी दहाला आम्ही दोघी ठाण्यात जाणार आहोत.