ग्वाल्हेर ते देवगड : बेतवाकाठच्या युद्धतळाची सहल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पहाटे 5 वाजता निघणारी देवगडची एक दिवसाची सहल आम्ही घरच्या चौघांनी गेल्या डिसेंबरात केली. हे देवगड कोकणातले नव्हे, तर उत्तर प्रदेशात ललितपूरपासून जवळच, बेतवेच्या काठी वसलेले गाव आहे. बहुतेक प्रवासी तिथे गुप्तकालीन दशावतार मंदिर आणि टेकडीवरची जैन मंदिरे पाहायला जातात. या सहलीचा विषय मात्र निराळा आहे. नोव्हेंबर 1943 ते जानेवारी 1944 या काळात अमेरिकी पायदळाची एक तुकडी याच परिसरात ब्रह्मदेशातील लढाईसाठी तयार झाली, त्या तळाचा इतिहास जागेवर नेऊन सांगणे हा तिचा हेतू आहे.

सहल चालवणारे गृहस्थ आपल्याच मराठी घरातले निवृत्त शिक्षक असून सगळे त्यांना सर म्हणतात. गाडीने झाशी गाठेपर्यंत त्यांनी पार्श्वभूमी समजावून सांगितली. ब्रिटिश सेनाधिकारी ऑर्ड विंगेट यांनी 1943 च्या आरंभी जपानी फौजांच्या पिछाडीला घुसून केलेली मोहीम गाजली होती. ऑगस्ट 1943 च्या दोस्त राष्ट्रांच्या क्वेबेक परिषदेत तशाच कामासाठी अमेरिकी तुकडी देण्याचे ठरले आणि सुमारे 3000 स्वयंसेवक 31 ऑक्टोबरला मुंबई बंदरात उतरले. देवळालीत काही दिवस काढून ते रेल्वेने इकडे आले. कागदोपत्री त्यांचे नाव 5307 वी संमिश्र तुकडी असे रुक्ष होते. पुढे सेनापती फ्रँक मेरिल यांच्या नावावरून वार्ताहरांनी त्यांना ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हटले, आणि तेच नाव टिकले. देवगडातले बरेचसे प्रशिक्षण मात्र कर्नल चार्ल्स हंटर यांच्या हाताखाली झाले. मेरिल जानेवारीत आले, ही बारीक गोष्टही सरांनी सोडली नाही.

तळाची एकही इमारत पाहायला मिळत नाही, हे आधीच सांगतो. सैनिक तंबूंत राहत, त्यामुळे मागे राहावे असे फारसे काही उभारलेच गेले नव्हते. ग्वाल्हेरचे आपले लष्कर ही मूळची दौलतराव शिंद्यांची छावणी, आणि तिचे शहर झाले. इथली छावणी दोन-अडीच महिन्यांत उठली आणि तिच्या जागी पुन्हा रान आले. म्हणूनच या सहलीत सारे काही सांगणाऱ्यावर अवलंबून आहे, आणि सर त्या कसोटीला उतरतात. जंगल, नदी आणि पायदळाला दिवसभर चालवता येईल एवढा विरळ वस्तीचा मुलूख ही त्रयी इथे कशी जुळून येते, हे त्यांनी नकाशा जमिनीवर पसरून दाखवले. रात्री होकायंत्रावर वाट काढणे, नदी ओलांडणे, विमानातून छत्रीने टाकलेली रसद गोळा करणे, खेचरांवर ओझे लादणे, हा सगळा सराव या रानात झाला. डिसेंबरात विंगेट यांच्या चिंडिट सैनिकांबरोबर संयुक्त कवायतीही झाल्या.

मला सर्वांत भिडला तो घाटावरचा अर्धा तास. कड्यात कोरलेल्या पायऱ्या बेतवेपर्यंत उतरतात, तिथे सरांनी गाडीतून वाळूने भरलेली 20 किलोची कॅनव्हासची पिशवी आणवली आणि ज्याला हवे त्याने ती पाठीवर घेऊन खाली जाऊन परत यावे, असे सांगितले. चिंडिट सैनिकाच्या पाठीवर याच्या दीडपट ओझे असे. माझ्या मुलाने पिशवी घेतली. उतरताना तो बोलत होता, चढताना त्याचे बोलणे थांबले, आणि वर आल्यावर पट्ट्यांचे लाल वळ त्याच्या खांद्यांवर उमटलेले आम्ही पाहिले. नंतर सरांनी पुढची हकीकत सांगितली : फेब्रुवारी 1944 मध्ये आसामातून ब्रह्मदेशात जाणाऱ्या लेडो रस्त्याने शंभराहून अधिक मैलांची पायपीट, 17 मे रोजी उत्तर ब्रह्मदेशातील मिटकिना विमानतळाचा ताबा, आणि ऑगस्टमध्ये तुकडी बरखास्त झाली तेव्हा मूळच्या 3000 पैकी तिच्यात उरलेले जेमतेम 200 जण. तुकडीत जपानी वंशाचे 14 अमेरिकी दुभाषे होते आणि त्यांतल्या काहींची कुटुंबे अमेरिकेतच नजरकैदेत होती, हे ऐकून आम्ही सारेच गप्प झालो.

उणिवा दोन, पण सांगायलाच हव्यात. एक म्हणजे वेळेची वाटणी चुकली आहे. जेवण आणि जैन मंदिरांत अडीच तास गेले, त्यामुळे घाटावर पोहोचेपर्यंत दुपार कलली होती आणि नदीकाठी बसून प्रश्न विचारायला उसंत उरली नाही. मंदिरे सुंदरच आहेत, दशावतार मंदिरातले शेषशायी विष्णूचे शिल्प तर कुणीही चुकवू नये, पण ज्या विषयासाठी पैसे भरले त्याला दिवसातला उत्तम प्रहर मिळायला हवा. दुसरी उणीव छापील पत्रकाची आहे. त्यात मरॉडर्सना चिंडिट म्हटले आहे. दोन्ही दलांची कामाची पद्धत एकाच धाटणीची असली तरी एक अमेरिकी आणि दुसरे ब्रिटिश नेतृत्वाखालचे होते. सर बोलताना हा फरक नीट सांगतात, मग पत्रकात चूक का राहावी? मी त्यांना हे तिथेच सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

माणशी 1800 रुपयांत न्याहारी, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मिळते. रक्कम वाजवी वाटली. परतायला रात्रीचे 11 वाजतात, तेव्हा फार लहान मुलांना नेऊ नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलीच तारीख घ्यावी, आणि नोंदणी करतानाच ‘आधी घाट, मग मंदिरे’ असा आग्रह धरावा.