मुलाचं सारखं पोट दुखतं: घरचा ओवा, गल्लीतले डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ की थेट सोनोग्राफी?

आधी जे या तुलनेत बसतच नाही ते बाजूला काढतो. हिरवी उलटी, शौचातून रक्त, हात लावू न देणारं ताठ पोट, बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलेलं आणि वाकून चालायला लावणारं दुखणं. दोन-तीन वर्षांच्या आतल्या बाळाने थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळणं. पोटदुखीच्या जोडीला भरमसाट तहान, सारखी लघवी आणि धाप. यांत कुठला पर्याय बरा हा प्रश्नच नाही. गाडी काढा, नाहीतर 108 ला फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. मुलगा असेल आणि ओटीपोटात अचानक जोरात दुखायला लागलं असेल तर चड्डी उतरवून वृषणंही बघा. दहा-बारा वर्षांची मुलं लाजेपोटी ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात, आणि वृषणाला पीळ पडला असेल तर हाताशी साधारण सहा तास असतात.

उरलं ते दुसरं दुखणं. शाळेच्या वेळेला येतं, रिक्षा निघून गेली की ओसरतं, रविवारी बहुधा सुट्टीवर असतं आणि दुपारी पोरगी गच्चीवर पकडापकडी खेळत असते. मग महिना जातो, पुन्हा तेच. आमच्या धाकटीचं हेच चाललं होतं. वय वर्षं आठ. सांगली-मिरजेकडे राहण्याचा फायदा म्हणजे डॉक्टरांची वानवा नाही, आणि तोटाही तोच, कारण प्रत्येक नातेवाइकाचा एक ‘आमचा माणूस’ असतो. हे चारही रस्ते मी कमी-अधिक चालून झालो आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा पुढचं सगळं एका बापाचं मत म्हणून घ्या.

हे दुखणं नवं नाही आणि दुर्मीळही नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉन ॲपली या बालरोगतज्ज्ञाने 1958 साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजच्या कामात अडथळा येईल इतकं पोट दुखणारी मुलं त्यात दहात एक निघाली. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात बोट ठेवून दाखवावा असा आजार सापडला नाही. त्यांचाच एक ठोकताळा डॉक्टर लोक आजही सांगतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आतल्या आजाराचा संशय जास्त. ‘कुठे दुखतंय?’ म्हटल्यावर आमची धाकटी अख्खा तळवा बेंबीभोवती फिरवायची. एका बोटाने उजवी बाजू दाखवणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी.

घरीच थांबून बघणं

ओवा-मीठ, बेंबीभोवती हिंगाचं पाणी, गरम पाण्याची पिशवी. फुकट, तयार, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा पुरतं. माझ्या आईचा हिंगावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही, पण हिंग लावताना आजी दहा मिनिटं शेजारी बसते त्याचा गुण येतो हे मी पाहिलंय. एका गोष्टीवर मात्र मी तिच्याशी भांडतो, ती म्हणजे एरंडेल. पोट का दुखतंय ते माहीत नसताना जुलाबाचं काही देऊ नये. ते दुखणं ॲपेंडिक्सचं असेल तर महागात पडतं.

‘जंत झाले असतील’ हे दुसरं घरगुती निदान, आणि त्यावर वावडिंग. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत 1 ते 19 वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी मिळते (दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी). ती त्या मोसमात घेतली असेल तर पुन्हा पुन्हा जंतांवरच खापर फोडण्यात फार अर्थ नसतो.

थांबण्याची खरी अडचण औषधाची नसून माणसांची आहे. घरात चार मोठी माणसं असली की मुलाला तासाला चारदा विचारलं जातं, ‘अजून दुखतंय का गं?’ 2006 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. पोटात अस्वस्थ वाटेल एवढं पाणी मुलांना प्यायला लावलं. काही पालकांना सांगितलं की दुखण्याची विचारपूस करत राहा, काहींना सांगितलं की विषय बदला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या आणि विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. मूल खाऊन-खेळून असेल तर दोनेक आठवडे घरी थांबायला माझी हरकत नाही, मात्र विचारायचं कमी आणि वहीत लिहायचं जास्त. कधी दुखलं, आधी काय खाल्लं होतं, शौचाला कधी आणि कशी झाली, शाळा होती का, झोपेतून उठली का.

गल्लीतले फॅमिली डॉक्टर

यांच्याविषयी वाकडं बोलायला जीभ रेटत नाही. रात्री साडेआठला दवाखाना उघडा, फी शंभर-दीडशे, घरातल्या तीन पिढ्या ओळखतात, आणि पोटाला हात लावून बघतात. मोठ्या ठिकाणी सुद्धा सगळेच लावतात असं नाही. साध्या जुलाबाला, तापाला मी आजही तिथेच जातो.

माझं गाडं अडलं ते पुडीपाशी. कंपाउंडर वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात अर्धी गुलाबी गोळी, एक पांढरी आणि कसलीशी पिवळी पूड बांधून देतो. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. त्या पुडीवर ना नाव, ना प्रमाण. पोट दोन दिवस थांबतं, तुम्हाला वाटतं लागू पडलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दुखतं, पुन्हा पुडी, या वेळी गोळी फिकट निळी. ती आम्लपित्ताची होती, पेटक्यांची होती, अँटिबायोटिक होतं की नुसती जीवनसत्त्वं, हे मला आजही ठाऊक नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ‘आजवर काय काय दिलंय?’ विचारलं तेव्हा मी गोळ्यांचे रंग सांगत बसलो होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

चिठ्ठी मागून पाहिली. ‘लिहून कशाला हवंय, मी आहे ना!’ असं हसत उत्तर आलं. त्यात राग नव्हता, आपुलकीच होती, म्हणून पुढे बोलायची सोयही राहिली नाही. आणि नुसत्या नावाचाच प्रश्न नाही. कुठेच काही लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येक खेप पहिली असल्यासारखी व्हायची. मागच्या वेळचं वजन किती? माहीत नाही. काटा कोपऱ्यात होता, त्यावर औषधांचा खोका ठेवलेला. एखाद दुसऱ्या दिवसाच्या आजारात यातलं काही अडत नाही. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्यात मागचं काय झालं होतं हेच तर बघायचं असतं, आणि नेमकं तेच पुसलं जात होतं. सगळे दवाखाने असे नसतात. तुमचे डॉक्टर फाइल ठेवत असतील, नाव लिहून औषध देत असतील, तर माझा हा अख्खा परिच्छेद तुम्हाला लागू नाही आणि कदाचित पुढचाही नाही.

बालरोगतज्ज्ञ

तोटे आधी सांगतो, कारण ते ठसठशीत आहेत. फी तिप्पट-चौपट. नंबर लावूनही दीड तास बसावं लागतं, आजूबाजूला शिंका-खोकला, इंजेक्शन घेतलेल्या बाळांचा गलका. काही ठिकाणी पहिल्याच भेटीत रक्त-लघवी-शौच तपासण्यांची लांबलचक यादी हातात पडते. आम्हाला भेटलेल्या बाई तशा नव्हत्या, हे नशीब म्हणा.

त्यांनी चपला काढायला लावून वजन घेतलं, भिंतीला टेकवून उंची घेतली आणि लसीकरणाच्या जुन्या कार्डावरची वजनं पाहून वाढीच्या आलेखावर टिंबं मारली. भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2015 साली 5 ते 18 वयाचे सुधारित आलेख काढलेत, तो कागद. टिंबं आपल्या रेषेवरून नीट वर जात होती. निम्मी काळजी मला वाटतं तिथेच उतरली. आतड्याची जुनाट सूज, सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा), क्षय असले आजार मुलाची वाढ रोखतात, ते बऱ्याचदा आधी तिथे दिसतं. मग पोट दाबताना त्यांची नजर पोटावर नव्हती, धाकटीच्या चेहऱ्यावर होती. तिला शाळेतल्या मैत्रिणीबद्दल विचारत विचारत त्यांनी सगळं पोट चाचपलं. डावीकडे खाली हात थबकला.

त्यानंतरचे सगळे प्रश्न शौचाचे. रोज होते का, यावर आमचं दोघांचंही उत्तर ‘हो’ होतं. कशी होते, यावर आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघितलं. त्यांनी सात प्रकारच्या चित्रांचा तक्ता पुढे केला (हाही ब्रिस्टलचाच, त्या गावाने मुलांच्या पोटावर फारच उपकार केलेत). धाकटीने न लाजता पहिल्या चित्रावर बोट ठेवलं, सुटे कडक खडे. मग हळूच सांगितलं, ‘शाळेतल्या बाथरूमला कडी नाहीये, मी जातच नाही.’ दिवसभर दाबून धरायचं, खडा होतो, दुखतं, मग आणखी दाबून धरायचं. रोज थोडी शौच होऊनही बद्धकोष्ठ असू शकतं, हे मला नवीन होतं. काही मुलांत तर खड्याच्या बाजूने पातळ शौच झिरपून चड्डी खराब होते आणि घरचे उलट जुलाब समजून औषध देतात.

औषध एकच, शौच मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, नाव-प्रमाण लिहून. जोडीला जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट ठेवून. पोट मोकळं झालं म्हणून लगेच थांबवायचं नाही, काही महिने चालू ठेवून हळूहळू कमी करायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. आईने ‘एवढे दिवस औषध? सवय लागेल’ म्हणून कुरकुर केली. सवय लागली नाही.

प्रत्येकाचं पोट बद्धकोष्ठानेच दुखतं असं मी म्हणणार नाही. कुणाचं दुधाने दुखत असेल, कुणाचं शाळेतल्या एखाद्या विषयाने. तपासण्या करूनही काही न सापडणाऱ्या पोटदुखीला 2016 च्या रोम निकषांत (पोट-आतड्याच्या अशा तक्रारी ओळखायचे डॉक्टरांचे ठरलेले नियम) स्वतःची जागा आहे: महिन्यातून निदान चारदा, निदान दोन महिने. पण तिथवर पोचायलाही कुणीतरी तारखा लिहून ठेवलेल्या लागतात.

थेट सोनोग्राफी

‘एकदा आतून बघून घेऊ’ हा मोह समजू शकतो. दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही, अर्ध्या तासात कागद हातात. कावीळ, लघवीची तक्रार, कमरेत किंवा कुशीत दुखणं, पोटात लागणारी गाठ, वारंवार उलट्या, असं काही असेल तर ती हवीच. पण असं काहीच नसताना केलेल्या सोनोग्राफीत शंभरात एखाद्यालाही कामाचं काही सापडत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2005 च्या अहवालात आहे.

कामाचं नसलेलं मात्र सापडतं. माळ्यावर टॉर्च मारला की काहीतरी दिसतंच. आमच्या चुलत घरात एका मुलाच्या रिपोर्टवर आतड्याभोवतीच्या लसिकाग्रंथी (संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठी, लिम्फ नोड) वाढल्याचं आलं. घरात ‘पोटात गाठी’ एवढंच पोचलं. आजोबांनी क्षयाचं नाव काढलं, कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. 8 मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या अशा ग्रंथी ठणठणीत मुलांतही सर्रास दिसतात. ताप नाही, वजन घटत नाही, तर त्या नुसत्या दिसल्या म्हणून आजार होत नाही. हे त्यांना कुणीतरी सांगेपर्यंत पोराने बिचाऱ्याने बरंच इंजेक्शन-सलाइन पाहिलं. ज्यांनी पोट चाचपलंय त्यांनी लिहून दिली तर सोनोग्राफी करावी, असं माझं आपलं मत.

मग कुणी काय निवडावं? मूल वाढतंय, खेळतंय, दुखणं बेंबीभोवती आणि उगवलं तसं मावळणारं: वही उघडा, घरी थांबा, आणि दोनेक आठवड्यांत सूत सापडलं नाही तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. वजन घटतंय किंवा उंची अडलीय, झोपेतून उठवणारं दुखणं आहे, सारखा बारीक ताप, रोजच्या उलट्या, लांबलेले जुलाब, गिळताना त्रास, सांधे सुजणं, लघवीला जळजळ, तोंडात किंवा गुदद्वाराशी जखमा, घरात कुणाला आतड्याचा जुना आजार, यातलं एक जरी असलं तरी थांबण्याचा पर्याय माझ्या मते खोडून टाका आणि त्याच आठवड्यात जा. फॅमिली डॉक्टरांना वगळा असं मी कुणाला सांगणार नाही. वजन लिहितील आणि चिठ्ठी देतील असे असतील तर तेच पुरतील.

तालुक्याला बालरोगतज्ज्ञ नसेल तर उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शिवाय 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा येऊन उंची-वजन घेतं. ते आकडे वर्गशिक्षकांकडून उतरवून घ्या, डॉक्टरांना तेवढ्यानेही आलेख काढता येतो. आणि जाताना शक्यतो सोमवार आणि शनिवारची संध्याकाळ टाळा. आमच्याकडे बुधवारी दुपारी चारला दार उघडतं तेव्हा पहिले तीन नंबर रिकामे असतात, आणि पोट चाचपायला बाईंना वेळही असतो.