मेंदूची एमआर अँजिओग्राफी: राहून गेलेली ट्रायजेमिनल धमनी किती भरवशाने सापडते?

ट्रायजेमिनल धमनी ही गर्भात असणारी आणि एरवी जन्माआधीच बुजणारी रक्तवाहिनी; क्वचित ती राहून जाते. ती शोधायला काँट्रास्टशिवाय (रक्तात औषध न टोचता) होणारी टाइम-ऑफ-फ्लाइट एमआर अँजिओग्राफी, म्हणजे वाहत्या रक्तावरून धमन्या दाखवणारा एमआरआय, ही पाचपैकी चार गुणांची तपासणी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, मूळ सिक्वेन्स (चित्रांचा एक संच) पाच-सात मिनिटांचा. उरलेला एक गुण मशीनमुळे कमी जात नाही, चित्रं घाईत वाचल्यामुळे जातो.

गर्भ चारेक मिलीमीटरचा असताना मेंदूच्या मागच्या भागाला कॅरोटिडमधून (मानेच्या पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून) रक्त पोचवणाऱ्या वाटांपैकी ही एक मुख्य वाट. मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या धमन्या जोडणारी पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनी तयार झाली की ती काही दिवसांतच बुजते. हजारात साधारण एक ते सहा जणांमध्ये मात्र ती राहून जाते, आणि कॅव्हर्नस सायनसमधल्या (कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीतल्या) कॅरोटिडपासून निघून थेट बेसिलरला, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाच्या मुख्य धमनीला, मिळते. बहुतेकांना तिचा काहीही त्रास नसतो. डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये ती सहज सापडते. त्यामुळे रिपोर्टमध्ये नाव दिसलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

ओळखायची खूण बाजूने घेतलेल्या साध्या सॅजिटल चित्रातही दिसते. उभी कॅरोटिड, तिचा पुढे वळलेला भाग आणि मागे निघालेली ही धमनी, तिन्ही मिळून ग्रीक ‘टाऊ’ अक्षरासारखा काळा आकार होतो. डोळा सरावलेला असेल तर अँजिओग्राफीच्या आधीच शंका येते.

गडबड होते ती इथे. अनेक ठिकाणी फक्त फिरवून पाहायची एमआयपी चित्रं (सगळे काप एकत्र करून बनवलेली) दिली जातात. त्यात धमन्या एकमेकींवर येतात आणि मंद प्रवाहाची बारीक वाहिनी पुसली जाते. मूळ पातळ काप पाहिल्याशिवाय ‘नाही’ असं लिहू नये. दुसरी चूक जास्त महागात पडते: ही धमनी मोठी असेल तर खालची बेसिलर आणि तिला रक्त देणाऱ्या, मानेच्या मणक्यांतून वर येणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या जन्मापासूनच बारीक असू शकतात. ट्रायजेमिनल नजरेतून सुटली तर त्याच बारीक बेसिलरला ‘अरुंद झाली’ म्हटलं जातं आणि रुग्णावर नसलेल्या आजाराचा शिक्का बसतो.

तिसरी गोष्ट स्लॅबची, म्हणजे किती भाग स्कॅन केला याची. फक्त मेंदूपुरतं स्कॅन केलं तर ट्रायजेमिनल मिळते, पण तिच्या जातीतल्या हायपोग्लॉसल आणि प्रोॲटलांटल धमन्या मानेतच फुटतात. तशी शंका असेल तर मानेचीही अँजिओग्राफी मागा.

चांगल्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी हव्यात: साल्झमनचा प्रकार (ही धमनी कुठे रक्त पुरवते यावरून केलेली वर्गवारी), धमनीची वाट, व्हर्टिब्रल आणि पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमन्यांची स्थिती, आणि धमनीच्या भिंतीला फुगा (अ‍ॅन्युरिझम) आहे की नाही. पहिल्या प्रकारात मागच्या मेंदूच्या वरच्या भागाचा मोठा पुरवठा हीच धमनी करते. दुसऱ्यात पोस्टीरियर सेरेब्रल धमन्यांना (मेंदूच्या मागच्या भागाच्या धमन्यांना) पोस्टीरियर कम्युनिकेटिंगमधून रक्त मिळतं. वाट तर शस्त्रक्रियेआधी कळलीच पाहिजे. आतल्या बाजूच्या प्रकारात धमनी सेला टर्सिकामधून (पिट्युटरी ग्रंथी बसते त्या हाडातल्या खोबणीतून) जाऊ शकते. नाकावाटे पिट्युटरीची गाठ काढताना ती कापली गेली तर जिवावर बेततं. बाहेरच्या बाजूने जाणारी धमनी ट्रायजेमिनल नसेवर (चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेवर) दाबली तर चेहऱ्यात विजेसारखी कळ येऊ शकते. तेव्हा नसांसाठीचा पातळ कापांचा टी-टू सिक्वेन्सही (एमआरआयचा एक प्रकार) जोडून घ्यावा.

कॅरोटिडवर काम करणाऱ्यांसाठी हा रिपोर्ट तितकाच मोलाचा. कॅरोटिडमधली गुठळी या वाटेने थेट मेंदूच्या मागच्या भागात जाऊ शकते, म्हणून व्हर्टिब्रल स्वच्छ असूनही तिथे स्ट्रोक होतो. एंडार्टरेक्टॉमीत (कॅरोटिडमधला साचलेला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेत) कॅरोटिडला क्लॅम्प लावला तर ब्रेनस्टेमचं (मेंदूच्या देठाचं) रक्त तुटू शकतं. एम्बोलायझेशनचे (रक्तवाहिनी मुद्दाम बंद करण्यासाठी सोडलेले) कणही भलतीकडे जातात.

सीटी अँजिओग्राफी झटपट होते, पण आयोडीनचं काँट्रास्ट लागतं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावं लागतं; शिवाय कवटीच्या तळाच्या हाडात हाच भाग झाकोळतो. पेसमेकरमुळे एमआरआय शक्य नसेल तर मात्र तीच घ्यावी. धमनीत कॅथेटर (बारीक नळी) घालून क्ष-किरणांनी केलेली अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, सर्वात अचूक, पण तिच्यात थोडा का होईना स्ट्रोकचा धोका असतो. उपचार ठरवायचे असतील तेव्हाच ती करावी, केवळ खात्रीसाठी नाही.

सेंटरमधून निघताना फिल्मवर समाधान मानू नका. सर्व मूळ कापांसह डायकॉम (वैद्यकीय चित्रांचं डिजिटल स्वरूप) सीडी मागून घ्या. न्यूरोसर्जनला तीच लागते.