अथेन्स की व्हिएन्ना: रशियाची सलगी कुणाशी?

जानेवारी २०१५ मध्ये ग्रीसमध्ये डाव्या सिरिझा पक्षाचे नेते त्सिप्रास सत्तेवर आले आणि लगोलग रशियन राजदूत भेटीला. झाला बोभाटा: अथेन्स मॉस्कोच्या कच्छपी लागलं! पण युरोपीय संघाने रशियावरचे निर्बंध वाढवले तेव्हा ग्रीसने नकाराधिकार वापरला नाही, आणि एप्रिलच्या मॉस्कोवारीतून कर्जही मिळालं नाही. मला तरी ती कर्जबाजारी माणसाची घासाघीसच वाटते.

ऑस्ट्रियाचं तसं नाही. तिथल्या कडव्या उजव्या फ्रीडम पार्टीने २०१६ मध्ये पुतिन यांच्या पक्षाशी चक्क लेखी करार केला होता. वर्षभरात ती सत्तेत. मार्च २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये माजी रशियन हेर स्क्रिपाल यांच्यावर विषप्रयोग झाला, त्यानंतर बऱ्याच युरोपीय देशांनी रशियन राजनैतिक अधिकारी हाकलले, व्हिएन्नाने नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तर परराष्ट्रमंत्री क्नाइस्ल यांच्या लग्नात खुद्द पुतिन नाचले, आणि नवरी असलेल्या या मंत्रीणबाईंनी गुडघे वाकवून त्यांना अभिवादन केलं. तो फोटो जगभर फिरला.