काळे दगड, फिकट दगड: ड्रेस्डेनच्या चर्चवरील सचित्र व्याख्यान

सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात गेल्या शनिवारी जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या फ्राउएनकिर्शे या चर्चवर सचित्र व्याख्यान झाले. प्रवेशिका १५० रुपयांची होती आणि कार्यक्रम, पुण्याच्या रिवाजाप्रमाणे, ठरल्या मिनिटाला सुरू झाला.

गेऑर्ग बेअर यांच्या आराखड्यानुसार १७२६ ते १७४३ या काळात उभारलेल्या या चर्चचा दगडी घुमट दुसऱ्या महायुद्धातील फेब्रुवारी १९४५च्या बाँबहल्ल्यात लगेच पडला नाही; आगीत तापलेले आतले खांब खचल्यावर, १५ तारखेच्या सकाळी, तो कोसळला. पुनर्बांधणी पूर्ण होऊन चर्च पुन्हा खुले झाले ते ३० ऑक्टोबर २००५ रोजी. हा इतिहास वक्त्यांनी दहा मिनिटांत उरकला ते बरेच केले, कारण त्यांचा जीव दगडांत होता. भिंतीचा एक तुकडा त्यांनी पडदाभर मोठा करून दाखवला: फिकट पिवळ्या वालुकाश्मात मध्येच एक जुना, काळा दगड, कडांचे टवके उडालेला, आणि नव्या दगडांची रांग त्याला सांभाळून घेणारी. हा काळेपणा केवळ आगीचा नव्हे. या दगडात लोहाचा अंश असल्याने तो हवेत आपोआप काळवंडतो, म्हणजे आजचे नवे दगडही कालांतराने तसेच होतील. शनिवारवाडा आठवल्यावाचून राहिला नाही. १८२८च्या आगीत लाकूडकाम जळाले आणि आत जोतीच तेवढी उरली.

सजावटीला मात्र शेवटची वीसच मिनिटे मिळाली, आणि माझी तक्रार तिथे आहे. ढिगाऱ्यातून वेचलेल्या सुमारे २००० तुकड्यांतून जुळवलेली वेदी एकाच चित्रात आटोपली. घुमटाच्या आतील चार शुभवर्तमानकार (येशूचे चरित्र सांगणारे ग्रंथकार) आणि चार सद्गुणांची चित्रे क्रिस्टोफ वेत्झेल यांनी नव्याने रंगवली आहेत. पण उघड्या खिडकीच्या उजेडात त्यांचे गुलाबी-निळे रंग धुतलेल्या सुती साडीसारखे विटके दिसले. ऑर्गन बनवणारे कारागीर झिल्बरमान यांच्या मूळ वाद्याची हुबेहूब प्रतिकृती न करता स्ट्रासबुर्गचे ऑर्गन-कारागीर कर्न यांचे नवे वाद्य बसवले गेले, त्यावरून तिकडे बराच वाद झाला होता. वक्त्यांनी तो टाळला. अशा कामातला सर्वांत अवघड प्रश्नच तो!

पुढच्या महिन्यात हेच व्याख्यान पुन्हा आहे. पहिल्या तीन रांगांत बसावे, आणि खिडकीचा पडदा ओढायला कोणाला तरी आधीच सांगून ठेवावे.