फॅसेट सांध्याचा ब्लॉक आणि आरएफ: पैसे भरण्याआधी काय पाहावे

कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी पेन क्लिनिकमध्ये मिळणाऱ्या उपचारांपैकी ही जोडी (मणक्यांच्या मागच्या छोट्या फॅसेट सांध्यांच्या नसा औषधाने तात्पुरत्या बधिर करणारा ब्लॉक आणि मग त्याच नसा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने भाजणारा आरएफ) आम्हाला चांगली वाटते, पण एका अटीवर: आधीचा चाचणी ब्लॉक काटेकोर झालेला हवा. तो ढिला झाला तर पुढचा सगळा खर्च अंदाजावर होतो.

निव्वळ एमआरआयवर निदान करणाऱ्या ठिकाणी थांबू नका. पन्नाशीनंतर फॅसेट सांध्यांची झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते. दाबून किंवा वाकवून पाहिल्यानेही खात्री होत नाही. खात्रीच्या सर्वांत जवळ नेतो तो मीडियल ब्रांच ब्लॉक, म्हणजे सांध्याकडे येणाऱ्या बारीक नसा बधिर करून पाहण्याची हीच चाचणी.

प्रत्येक सांध्याला दोन नसा येतात. एल४-एल५ च्या (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या) सांध्याला एल३ आणि एल४ च्या शाखा. त्यामुळे एका बाजूच्या एका सांध्यासाठी दोन जागा बधिर कराव्या लागतात. एकच केली तर तपासणी अर्धवट. सुई सी-आर्मखालीच, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर पाहतच जावी आणि प्रत्येक जागी औषध जेमतेम अर्धा मिली असावे. दोन मिली सोडले की ते आजूबाजूला पसरते, भलतेच काही बधिर होते आणि आराम कशाने मिळाला ते कळत नाही. गुंगीचे इंजेक्शनही नको, त्याने निकाल बिघडतो.

खरे काम त्यानंतरचे. पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाला दुखणे दहापैकी किती ते लिहायचे आणि एरवी दुखते तेच करायचे: जिना, वाकणे, ओट्यापाशी उभे राहणे. पडून राहिलात तर ब्लॉक वाया गेला. एकाच ब्लॉकवर फसगत बरीच होते, म्हणून आणखी एखाद्या दिवशी वेगळ्या औषधाने पुन्हा, एकदा लिग्नोकेन तर एकदा बुपिवाकेन. दोन्ही वेळा ८० टक्के आराम पडला तर पुढे जावे. ब्लॉक आणि आरएफ एकाच बैठकीत उरकणारे पॅकेज आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

आरएफमध्ये सुईच्या टोकापुढे उष्णता फारशी जात नाही, कडेने पसरते. म्हणून सुई नसेला समांतर टेकवावी लागते. उभी टोचली तर नस जेमतेम भाजते आणि दुखणे लवकर परतते. ८० अंश सेल्सिअस, ६० ते ९० सेकंद, शक्यतो १८ गेजची जाड सुई. त्याआधी सुईतून २ हर्ट्झचा सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाय उडतो का हे पाहिलेच पाहिजे. उडाला तर सुई हलवायची. ४२ अंशांचा ‘पल्स्ड’ प्रकारही आरएफ म्हणूनच विकला जातो. त्याचा परिणाम कमी, तेव्हा आधी विचारा.

नंतर आठवडा-दोन आठवडे ठणका किंवा उन्हाने भाजल्यासारखी आग होऊ शकते. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढली की उपचार परत करता येतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा ताप असेल तर या रांगेत न बसता थेट रुग्णालय गाठा.

निघताना सी-आर्मच्या समोरच्या आणि बाजूच्या प्रतिमा मागून घ्या. दुखणे परतले तर सुई कुठे होती हे त्यांवरूनच समजते.