कुणबी दाखला: नागपुरात आडनाव नाही, कागद चालतो

विदर्भात कुणबी म्हटलं की निवडणुकीचं गणित आलंच. दलित, मुस्लिम, कुणबी मिळून 'डीएमके', हे समीकरण नागपुरातल्या कुठल्याही टपरीवर चहासोबत मिळतं. म्हणूनच की काय, देशमुख किंवा पाटील आडनाव सांगितलं की कुणबी जातीचा दाखला मिळालाच, अशा समजात पुष्कळ जण सेतू केंद्रात उभे राहतात. खिडकीवर आडनावाला काडीची किंमत नाही, आणि ते बरोबरच आहे. देशमुखी, पाटीलकी ही वतनं. ती कुणब्यांकडे होती, मराठ्यांकडे होती, ब्राह्मणांकडेही होती. 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री राहिलेल्या पंजाबराव देशमुखांचं मूळ आडनाव कदम होतं.

आधी सेवेचा सोपा भाग. 'आपले सरकार' पोर्टलवरचा अर्ज घरी बसून अर्ध्या तासात भरून होतो. अडकतो तो फाइलच्या मापात: फोटो 160 पिक्सेल रुंद आणि 5 ते 20 केबी, कागदपत्रं 75 ते 500 केबी. मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो तसाच चढवला तर पोर्टल घेत नाही, आणि फार दाबून लहान केला तर जुनी अक्षरं वाचता येत नाहीत. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कुणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर आधी शासनाचा आदेश दाखवा म्हणायचं.

खरी मेहनत पुरावा शोधण्याची. ओबीसीसाठी मानीव दिनांक 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेला वाडवडील जिथले रहिवासी होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडेच अर्ज करायचा. घर मानेवाड्यात आणि आजोबा नरखेडचे, तर प्रकरण काटोलच्या उपविभागीय कार्यालयात. नागपुरात भरलेले असे अर्ज परत येतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यात पंधरवडा सहज जातो.

पुरावा म्हणून वडील, आजोबा किंवा चुलतआजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याची नोंद, सगळ्यात उत्तम. तो नसेल तर कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची) नक्कल, किंवा बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख पंजी हे जमिनीचे जुने कागद. नक्कल मागताना गाव, तालुका, अंदाजे साल आणि बापाचं नाव लिहून द्या. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेकदा नसतंच. 'भिवा वल्द गणू', म्हणजे गणूचा मुलगा भिवा, एवढंच. त्यामुळे आडनावाने शोधत बसलं की रेकॉर्ड रूममधून रिकाम्या हाताने परतावं लागतं.

दुसरा घोळ पोटजातीचा. जातीच्या रकान्यात कधी नुसतं 'तिरळे', 'बावणे', 'खैरे' किंवा 'झाडे' असं कुणब्यांच्या पोटजातीचं नाव लिहिलेलं असतं. त्यात झाडे आणि खैरे ही आडनावंही आहेत, म्हणून तपासणाऱ्याला तो आडनावाचा घोटाळा वाटतो आणि त्रुटी निघते. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या माणसाची 'कुणबी' असा स्पष्ट शब्द असलेली नोंद सोबत जोडली की प्रश्न मिटतो. वंशावळीत दोन्ही माणसं दिसली पाहिजेत आणि नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकच हवं. 'गणू' आणि 'गणपत' एकच असतील तर प्रतिज्ञापत्रात तसं लिहा. लग्न झालेल्या मुलीने माहेरचेच पुरावे लावायचे, सोबत विवाह नोंदणी किंवा नाव बदलल्याचं राजपत्र. सासरचा दाखला जोडून ठेवणाऱ्यांची संख्या अजूनही कमी नाही.

दाखल्यावर ओबीसींच्या राज्य यादीतला कुणबींचा अनुक्रमांक 83 आहे का, तेवढं हातात पडताच पाहून घ्या. नॉन क्रीमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, वेगळं काढावं लागतं. मर्यादा 8 लाखांची, पण पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या मोजणीत धरत नाहीत, हे केंद्रावर क्वचितच कुणी सांगतं.

जात पडताळणीचं, म्हणजे दाखल्याच्या वैधतेचं काम नागपुरात श्रद्धानंद पेठेत, सामाजिक न्याय भवनात. मूळ कागद मागितले की मूळच न्या, झेरॉक्सवर भागत नाही. बारावीचा निकाल लागल्यावर धावण्यापेक्षा अकरावीतच अर्ज टाकलेला बरा. जिल्हा परिषदेला ओबीसी जागेवरून उभं राहणाऱ्यांनी तर उमेदवारीच्या कितीतरी आधी. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता दिली नाही, तर सदस्यत्व जातं.

गुण द्यायचे तर ऑनलाइन अर्जाला 5 पैकी 4. रेकॉर्ड रूमच्या वाटेला 2, तेही तिथल्या जीर्ण बुकांची पानं जपून उलटणाऱ्या कारकुनांसाठी.